पत्र्याचं दुसरं टोक

पत्रा वाकवायचा म्हणजे दोन माणसं लागतात. एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोघांनी एकदम दाबायचं आणि एकदम थांबायचं. गुणवंतरावांना हे कोणी शिकवायची गरज नव्हती. चंद्रपूरला एसटीच्या वर्कशॉपात त्यांनी नोकरीभर बसच्या बॉडीला पत्राच ठोकला होता. तरी आज ते भद्रावतीत आपल्या घराच्या अंगणात अल्युमिनियमच्या लांबलचक पत्र्याचं एक टोक धरून घामाघूम उभे होते आणि दुसरं टोक त्यांनी दोरीनं निंबाच्या झाडाला बांधलं होतं. आता झाडाला काय कळतं, कधी ढील द्यायची आणि कधी ताणून धरायचं! दोरी सरकली, पत्रा सटकला, लोखंडी सांगाड्यावर धाडकन आपटला आणि कोपऱ्यात चांगला मुठीएवढा पोचा पडला.

"धत् तेरी के!" गुणवंतराव निंबावर खेकसले.

कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या केसरबाईंचं डोकं वर आलं. ते यायचंच. अंगणात चमचा पडला तरी ते वर यायचं.

"काय झालं भाऊ? झाडासंगं भांडून राह्यले का?"

"काही नाई झालं. तुमी आत जा."

"आत कायले जाऊ? टीव्हीपेक्षा इथी बरं चालू आहे," केसरबाई म्हणाल्या आणि भिंतीवर कोपर टेकून नीट उभ्या राहिल्या.

तर गुणवंतराव गाडी बनवत होते. इंजिनाची नाही. आपल्या जुन्या मारुती व्हॅनच्या मागं जोडायची, दोन चाकांवरची छोटी खोलीच म्हणा ना. आत दोन माणसं झोपतील, कोपऱ्यात चहा-भाजी होईल, खिडकीतून वारा येईल, एवढं तिचं काम. मोबाइलवर परदेशातली म्हातारी-म्हातारे असल्या गाड्या घेऊन डोंगरदऱ्यांत फिरताना त्यांनी पाहिले होते आणि त्याच दिवशी त्यांच्या डोक्यात हे खूळ घुसलं. गल्लीत त्या गाडीला सगळे ‘डब्बा’ म्हणत. आलापल्लीच्या जंगलातून डब्बा नेणार म्हटल्यावर केसरबाई तर पोट धरून हसल्या होत्या. "अरे बाप्पा! वाघाले बी सोय झाली. झाकण उघडलं का जेवण तयार!"

हसा म्हणावं. गुणवंतरावांना वाघाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना हवी होती त्यांची बायको.

बायको, म्हणजे सत्यशीला, जिवंत होती, धडधाकट होती आणि पुण्याला होती. मुलगा संघपाल तिकडे कंपनीत. सून रिना बाळंत झाली तेव्हा सत्यशीला थोड्या दिवसांसाठी म्हणून गेली. बाळ रांगायला लागलं, मग चालायला लागलं, मग दुसरं झालं. रिनालाही नोकरी. पोरांना सांभाळणार कोण? भांडण नाही, तंटा नाही, कोणी कोणाला सोडलं नाही, आणि तरी गुणवंतराव भद्रावतीत एकटे भात शिजवत होते. वर्षातून एकदा, ऑक्टोबरात, चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमाला सत्यशीला यायची. चार दिवस घरात माणूस असल्यासारखं वाटायचं. मग गाडीची वेळ व्हायची.

मागच्या खेपेला जाताना ती म्हणाली होती, "एकदा सिरोंच्याले जाऊन येऊ आपण. सावकाश, थांबत थांबत. आता बसनं नाई होत माह्याच्यानं."

सिरोंचा तिचं माहेर. लग्नानंतर ती मोजक्या वेळा गेली असेल, कारण आलापल्ली सोडली की तिला बस लागायची. खिडकीला डोकं टेकून, ओवा चघळत, ओकत ओकत बिचारी माहेरी पोचायची. तिचं ते वाक्य गुणवंतरावांनी धरून ठेवलं. त्यांनी मनाशी ठरवलं, आपल्या गाडीनं जायचं. वाटेल तिथं थांबायचं. मार्कंड्याला नदीकाठी मुक्काम करायचा, आलापल्लीला कोणाच्या अंगणात, मग सिरोंचा. आणि तिथं, प्राणहितेच्या काठावर, कोणी पोर रडत नसताना आणि कोणाचा फोन वाजत नसताना, तिला विचारायचं. पुरे झालं आता पुणं, माह्यासंगं राह्य. एवढंच. फोनवर हे विचारायला जीभ रेटत नव्हती आणि घरात विचारलं तर ती भांडी घासत घासत "पाहू" म्हणेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून गाडी. ऑक्टोबरच्या आत गाडी झालीच पाहिजे.

उन्हाळाभर त्यांनी सांगाडा जोडला. पावसाळ्यात ताडपत्रीखाली पत्र्याचं काम काढलं. अल्युमिनियम मोठं नाजूक काम. लोखंडासारखं रागानं वाकवायला जाल तर घडीवरच तडकतं. आधी त्याला कपडे धुवायचा साबण चोळायचा, मग खालून ब्लो लॅम्पची ज्योत फिरवायची. साबण काळा पडला की थांबायचं. पत्रा मऊ झाला. आता त्याला गोल पाइपावर हळूहळू दाबत न्यायचं. साबण काळा पडल्यावरही जो थांबत नाही त्याचा पत्रा डोळ्यांदेखत वितळून खाली पडतो. हे सगळं गुणवंतरावांच्या हातात होतं. नव्हतं ते फक्त दुसरं टोक.

वर्कशॉपात त्यांच्या दुसऱ्या टोकाला वामनराव असायचा. दोघांत बोलणं असं नव्हतंच. याने ‘हं’ म्हणायचं, त्याने ‘हं’ म्हणायचं, की छताचा पत्रा कोपऱ्यावर बसलाच. वामनराव वारला त्यालाही काळ लोटला. आता अंगणात पत्रा दाबताना गुणवंतरावांच्या तोंडून सवयीनं ‘हं’ निघायचं, आणि मग ते निंबाची दोरी पुन्हा आवळायचे. एकटं वाटायचं. उगाच फिरवून काय सांगायचं, फार एकटं वाटायचं.

संध्याकाळी फोन व्हायचा. गुणवंतराव उत्साहात असायचे.

"आज दरवाजाचा पत्रा बसवला. कोपरा असा गोल आला का विचारू नोको."

"बरं झालं."

"तू कशी?"

"मी बरी आहे. जेवले का तुमी?"

"जेवलो. आता रिबेटचे खिळे मारून राह्यलो छताले. एक बी थेंब आत नाई येणार."

"बरं."

मागं पोरांचा दंगा चाललेला असायचा. मधेच ती म्हणायची, "तुमी काऊन नाई येत इकडे थोडे दिवस?" त्यावर गुणवंतरावांचं उत्तर ठरलेलं होतं. "गाडी होऊ दे. गाडी झाली का पाहू." ती पुन्हा "बरं" म्हणायची आणि फोन कोणातरी पोराच्या हातात जायचा.

रंगाची तऱ्हा तर विचारूच नका. अल्युमिनियमवर रंग धरत नाही. धरला असं दाखवतो आणि महिन्याभरात सालपटासारखा सुटतो. म्हणून आधी पत्रा काचकागदानं घासून खरखरीत करायचा, थिनरनं पुसायचा, मग त्याचा वेगळा प्रायमर, मग रंग. त्यात भद्रावतीची हवा म्हणजे कोळशाच्या खाणीची देणगी. ओल्या रंगावर काळी धूळ बसली की झालं, रंगाची खिचडी. त्यावर गुणवंतरावांनी उपाय काढला. पहाटे उठायचं, सगळ्या अंगणात सडा टाकायचा, धूळ खाली बसली की ऊन चढायच्या आत एक हात मारून घ्यायचा.

"आता रांगोळी बी काढा भाऊ," केसरबाई भिंतीवरून म्हणाल्या. "नवरी येऊन राह्यली म्हणते ना!"

गुणवंतराव चिडले, पण लाजलेही. या वयात लाजणं त्यांना शोभत नव्हतं आणि ते त्यांनाही कळत होतं. खाली निळा, वर पांढरा रंग चढला. आत दोन बाकांचा एक पलंग झाला, कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी बसली, खिडकीला पडदा लागला. दाराखाली त्यांनी एक मजबूत पायरी ठोकली. जंगलातल्या रस्त्याचे खड्डे धरून गाडी उंच घेतलेली होती आणि पायरीचं माप घ्यायला त्यांनी टेप हातातसुद्धा धरला नाही. जन्मभर एसटीच्या पायऱ्या बसवलेला हात, तो कशाला मोजतो? जिथं हात गेला तिथं पायरी बसली.

ऑक्टोबरात सत्यशीला आली. स्टेशनावरून ऑटो थेट घरापाशी थांबला. ती हळूहळू उतरली, ऑटोच्या दांड्याला धरून. रात्रभराचा प्रवास, थकली असेल, असं गुणवंतरावांना वाटलं. खरं सांगायचं तर त्यांचं तिच्या चालण्याकडे लक्षच नव्हतं. त्यांचं लक्ष होतं, ती गाडीकडे कधी पाहते याच्याकडे.

दीक्षाभूमीवर जाऊन आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला अंगणात आणलं. ताडपत्री ओढून काढली. निळा-पांढरा रंग उन्हात लखलखला.

"बाई गं!" सत्यशीलानं तोंडावर हात ठेवला. "हे तुमी केलं? एकट्यानं?"

"मंग! चढ ना. आत पाह्य."

तिनं दाराच्या चौकटीला हात लावला. पायरीकडे पाहिलं. एक पाय उचलून पायरीवर ठेवला, अंग वर ओढायला गेली आणि तिच्या तोंडातून ‘आई’ असा आवाज निघाला. पाय तिनं खाली घेतला.

"काय झालं?"

"नाई होत, अवो."

"काय नाई होत?"

"एवढं उंच नाई चढवत. टोंगळे गेले ना माहे."

गुणवंतराव तिच्या गुडघ्यांकडे बघत राहिले, जणू लुगड्याच्या आडून त्यांना काही दिसणार होतं. "कधीपासून?"

"झालं आता वर्षाच्या वर. डॉक्टरनं जिना बंद केला. लिफ्ट आहे म्हणून भागते."

"आन मले कोणी सांगितलं नाई?"

"तुमी इथी एकटे. तुमाले कायले घोर लावा?" ती सहज म्हणाली. "घरी सगळ्यायले माहीत आहे."

घरी. ज्या अंगणात उभी राहून ती हे बोलली, तिथला निंब तिनंच लावला होता. अंगणामागच्या या घराचा ओटा किती उंच हवा, चूल कोणत्या भिंतीला हवी, हे तिनंच गवंड्याला सांगितलं होतं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिला आपण काय बोललो हे कळलंसुद्धा नाही. गुणवंतरावांना मात्र कोणीतरी छातीवर हातोडी ठेवून एक ठोका मारल्यासारखं झालं.

"भाऊ, उचलून ठेवा ना बाईले आत!" भिंतीवरून केसरबाई ओरडल्या. त्या होत्याच तिथं.

सत्यशीला पदर तोंडाला लावून हसली. गुणवंतरावांनी मान फिरवली. "काय बी बोलता केसरबाई," ते पुटपुटले. उचलावं असं त्यांच्या मनात आलं होतं, नाही कसं! पण भर सकाळी, शेजारीण बघत असताना, नातवंडांच्या आजीला उचलायचं? लाज आडवी आली. त्यांनी घरातून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि गाडीच्या खिडकीपाशी मांडली. सत्यशीला तीवर बसली.

काहीतरी तर दाखवायला हवं होतं. गुणवंतराव स्वतःच आत चढले, शेगडी पेटवली आणि चहा ठेवला. खिडकीतून कप बाहेर दिला. ती बाहेर बसून चहा प्याली, ते आत पलंगावर बसून प्याले.

"मस्त झाली गाडी," सत्यशीला म्हणाली, आणि ती मनापासून म्हणाली. "पडदा बी छान आहे."

"पायरी खाली घेतो. दोन पायऱ्या करतो. आजच्या आज होईन. मंग निघू आपण सिरोंच्याले."

"परवाचं तिकीट आहे माहं."

"पुढं ढकल ना. संघपालले सांग."

"रिनाची सुट्टी संपते. आन एवढा वेळ व्हॅनमंदी बसलं का टोंगळे आखडतात. नाई झेपणार." तिनं कप खिडकीच्या कडेवर ठेवला. "तुमीच चला ना माह्यासंगं. किती दिवसापासून म्हणून राह्यली मी."

"मी तिथी काय करू? त्या बाराव्या मजल्यावर?"

"मी काय करून राह्यली? पोट्टे शाळेत गेले का बसते खिडकीत. बोलाले कोणी नसते. तुमी बी बसा."

गुणवंतरावांना राग आला. "आन हे गाडी? एवढी तुह्यासाठी केली ते?"

सत्यशीलानं वर, खिडकीकडे पाहिलं. "मी सिरोंच्याले जाऊ म्हटलं होतं. गाडी करा असं कुठी म्हटलं होतं?"

तिचा आवाज चढला नव्हता. उलट जरा समजावल्यासारखाच होता. गुणवंतराव आतच बसून राहिले. प्राणहितेच्या काठावर विचारायचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. विचारून करायचं काय, ती ज्याला घर म्हणते ते त्यांना कळलं होतं. त्या दिवशी त्यांनी पायरी काढली, कापली, दोन पायऱ्या जोडायला घेतल्या. सत्यशीला घरात स्वयंपाक करत होती. मधूनमधून ती दारात येऊन पाहायची आणि आत जायची.

परवाचा दिवस उजाडला. व्हॅनमधून ते तिला चंद्रपूर स्टेशनावर घेऊन गेले. गाडी फलाटाला लागली तशी माणसांची एकच झुंबड उडाली. गुणवंतरावांनी बॅग वर ढकलली आणि मग त्यांचं लक्ष डब्याच्या पायऱ्यांकडे गेलं. त्या तर त्यांच्या पायरीच्या दीडपट उंच होत्या.

"येताना कशी चढली होती तू?"

"संघपालनं चढवलं. उतरताना कोणी ना कोणी हात देते."

वरून एका पोरीनं खरंच हात पुढं केला. "या काकू." सत्यशीलानं एका हातानं तिचा हात धरला, दुसऱ्यानं दांडा. पाय उचलला आणि तिथंच अडकली. मागून लोक ओरडायला लागले. इथं केसरबाई नव्हत्या, पण अख्खा फलाट होता. गुणवंतरावांनी कोणाकडे पाहिलं नाही. वाकले, तिच्या गुडघ्यांखाली आणि पाठीमागं हात घातला आणि तिला उचललं.

उचललं आणि चमकले. त्यांनी जोर लावला होता तो त्यांना माहीत असलेल्या सत्यशीलासाठी, अंगणात पाण्याच्या दोन घागरी घेऊन ताठ चालणाऱ्या बाईसाठी. एवढा जोर लागलाच नाही. ती अलगद वर गेली. जन्मभर हातानं वजन जोखलेला माणूस, त्याच्या हातांना लगेच कळलं. ही बाई निम्मी राहिली होती.

"झालं झालं, सोडा," ती वरून हसत म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "जेवण करत जा वेळेवर."

"तू..." गुणवंतराव म्हणाले. पण मागच्या माणसांनी त्यांना बाजूला सारलं होतं. शिट्टी झाली. सत्यशीला खिडकीपर्यंत पोचायच्या आत गाडी हलली, आणि दारातल्या गर्दीतून तिचा नुसता हात त्यांना दिसला.

गाडी गेली. फलाट रिकामा झाला. गुणवंतराव आपल्या दोन्ही हातांकडे पाहत उभे होते. एवढी कधी वाळली ती? कशानं? जेवत नाही, की झोपत नाही? रोज संध्याकाळी फोनवर आपण काय बोलत होतो? पत्रा, रिबेट, प्रायमर. तू कशी विचारलं, तिनं बरी सांगितलं, की लगेच आपलं छत सुरू. तिला बोलायला जागाच ठेवली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

त्यांनी मोबाइल काढून संघपालला फोन लावला.

"बसली का आई?" संघपालनं विचारलं.

"बसली. ऐक. तिचं वजन किती आहे रे?"

"वजन? काऊन बाबा, काय झालं?"

"काही नाई झालं. तिचे टोंगळे दुखतात ते, डॉक्टर काय म्हणते ते, ती जेवते का नाई, सगळं सांग मले. काही लपवू नोको."

"ते लांबलचक आहे बाबा. तुमी घरी जा, मी रात्री करतो फोन."

"आताच सांग," गुणवंतराव म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

ते फलाटावरच्या बाकड्यावर बसले, दुसरा कान हातानं झाकून घेतला, आणि संघपाल सांगू लागला.